डिमेन्शियाचा धसका आणि थेरपीच्या खोलीतलं काम

विचारणाऱ्या बाई ५६ वर्षांच्या आहेत. आईला ७२व्या वर्षी अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, निदान झालं आणि पुढची ९ वर्षं त्यांनीच आईला सांभाळलं. आता त्यांना स्वतःला नावं पटकन आठवत नाहीत, खोलीत कशाला आलो ते विसरायला होतं. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आलं. त्यांच्या दादांना मात्र, वय ६४, ‘एमसीआय’ म्हणजे सौम्य बौद्धिक घट असल्याचं सांगितलंय. डॉक्टरांनी दोघांनाही मानसोपचार, म्हणजे बोलून केली जाणारी थेरपी, सुचवली आहे. त्या विचारतात, “बिघाड मेंदूत आहे किंवा होणार आहे. मग नुसतं बोलून काय साधणार? त्याने डिमेन्शिया टळतो का?”

मी २२ वर्षं मेमरी क्लिनिकमध्ये थेरपिस्ट म्हणून काम करते आहे. नेमकं जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. थेरपीने डिमेन्शिया टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. तरीही तुम्ही दोघांनी जावं असं मला मनापासून वाटतं. तुमची झोप आणि शांती सध्या हिरावून घेतली आहे ती डिमेन्शियाच्या धसक्याने, आणि धसक्यावर इलाज आहे. दादांचं कारण वेगळं. नवीन सवय अंगवळणी पाडायला, मनातलं बोलून ठेवायला, मोठे निर्णय स्वतः घ्यायला त्यांच्याकडे आत्ता जेवढी ताकद आहे तेवढी पुढे असेलच याची खात्री नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत उशीर नको.

धोका म्हणजे किती, हे आधी समजून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो १०० टक्के असतो. आईला झाला म्हणजे मला होणारच, असं ठरवूनच माणूस समोर येऊन बसतो. घराण्यात जवळपास खात्रीने उतरणारा अल्झायमर आहे, पण तो एकूण रुग्णांत १ टक्क्याहूनही कमी, आणि सहसा साठीच्या आतच दिसू लागतो. त्यातही सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. ७२व्या वर्षी निदान झालेला तुमच्या आईचा आजार त्या जातीचा असण्याची शक्यता फारच कमी. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये एपीओई-४ या जनुकाचा वाटा मोठा आहे. त्याची एक प्रत असली तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, दोन असल्या तर बराच अधिक. तरी ते जनुक असलेल्या कित्येकांना आजार होत नाही आणि नसलेल्या कित्येकांना होतो. एमसीआयचंही तसंच. मेमरी क्लिनिकमध्ये एमसीआयचं निदान झालेल्यांपैकी दर वर्षी साधारण १० ते १५ टक्के लोक डिमेन्शियाकडे सरकतात. काही जण वर्षानुवर्षं तिथेच थांबतात. काहींची पुढची चाचणी चक्क नॉर्मल येते, विशेषतः मुळात नैराश्य, अपुरी झोप किंवा एखादं औषध कारणीभूत असेल तेव्हा.

हे आकडे मी धीर द्यायला सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक वारंवार करायचे. “अहो, तुम्हाला काही होणार नाही,” असं म्हणून मोकळी व्हायचे. माणूस दोन दिवस शांत राहायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न घेऊन फोन करायचा. एका गृहस्थांनी एकदा मला अगदी सौम्य आवाजात विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे मला माहीत नाही त्याचा दिलासा मी वाटत होते, आणि तो ओसरला की त्यांना आणखी मोठा डोस लागत होता. त्यानंतर मी ते वाक्य उच्चारलेलं नाही.

आता, बोलण्याचा आणि मेंदूचा संबंध काय? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे १४ बदलता येण्याजोगे धोके मोजले. ते सगळे दूर करता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. हा सबंध लोकसंख्येचा हिशेब आहे, एकट्या माणसाचा नव्हे. त्या यादीत नैराश्य आणि एकटेपणा आहेत. हे तर थेट थेरपीच्या खोलीतले विषय. पण व्यायामाचा अभाव, धूम्रपान, दारू, मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं हेही त्याच यादीत आहेत. यातलं काय करायला हवं हे कुणाला ठाऊक नसतं? ठाऊक असूनही हातून होत नाही, ते का, हे उलगडणं माझं काम. एक बाई श्रवणयंत्र घेऊन तीन वर्षं ते कपाटात ठेवून होत्या. यंत्र लावलं की आपण म्हाताऱ्या झालो हे सगळ्यांना दिसेल, असं त्यांना वाटे. ऐकू येत नाही म्हणून त्या बोलणं टाळत, बोलणं टाळलं म्हणून माणसं तुटली, आणि उत्तरं चुकू लागली तशी घरच्यांना वाटलं, यांची स्मृती चाललीय. त्या कपाटाचं दार उघडायला आम्हाला सहा भेटी लागल्या.

नैराश्याबद्दल थोडं जपून बोलायला हवं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत बोलण्याची थेरपी घेतलेल्या, ६५ वर्षांवरच्या १ लाख १९ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. थेरपीने ज्यांचं नैराश्य ठळकपणे कमी झालं त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं निदान सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळलं. ऐकायला छान वाटतं, पण यातून कारण सिद्ध होत नाही. ज्यांच्या मेंदूत आजार आधीच शिरलेला असेल त्यांचं नैराश्य थेरपीला दाद देत नसेल, असंही असू शकतं. तसंच २०२० मधल्या, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासाचं. पंचावन्नच्या पुढच्या ज्या लोकांना तेच ते नकारात्मक विचार घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात स्मृतीची घसरण जास्त दिसली आणि मेंदूत ॲमिलॉइड व टाऊ या अल्झायमरशी जोडलेल्या प्रथिनांचा साठाही जास्त आढळला. आधी विचार की आधी प्रथिनं, हे अजून सुटलेलं नाही. मला एवढंच पुरेसं वाटतं, की नैराश्य आणि चिंता आजच्या आज माणसाचं जगणं खातात, त्यावर उपचार आहेत, आणि पुढे मेंदूला फायदा झाला तर तो वर मिळालेला.

तुमच्या विसरण्याकडे येऊ. आठवण साठण्याआधी लक्ष लागावं लागतं. किल्ली ठेवताना मन “आईसारखं होतंय का मला?” यात गुंतलेलं असेल तर किल्ली कुठे ठेवली हे मेंदूत उतरतच नाही, मग ते आठवणार तरी कसं? न आठवल्याने भीती वाढते, भीतीने लक्ष आणखी उडतं. शिवाय पंचवीस वर्षांपूर्वीही तुम्ही नावं विसरत होताच, फक्त तेव्हा मोजत नव्हतात.

मोजणं हाच या धसक्याचा गाभा आहे. माझ्याकडे आलेल्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे) रोज रात्री अंथरुणावर पडून शाळेतल्या वर्गातली सगळी नावं हजेरीच्या क्रमाने म्हणायच्या. एक जरी अडलं तरी पहाटेपर्यंत झोप नाही. दिवसा मोबाइलवर स्मृतीच्या चाचण्या, नवऱ्याला पुन्हा पुन्हा “मी हे आधी सांगितलं का रे?” आम्ही दोन गोष्टी केल्या. दोन आठवडे त्यांनी वहीत प्रत्येक विसरणं लिहिलं, आणि त्याच ओळीत त्या क्षणी मन कुठे होतं तेही. वही भरली तेव्हा बहुतेक नोंदींपुढे घाई, काळजी किंवा एकाच वेळी तीन कामं हेच होतं. मग आम्ही हजेरी बंद केली, एकदम नाही, एक दिवसाआड. पहिल्या रात्री त्या रडल्या. त्यांना वाटत होतं, ही राखण थांबली की आजार आत शिरेल. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली, आणि झोपेमागून लक्षही परत आलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या पद्धतीतलं हे अगदी साधं, जुनं तंत्र आहे. वाचताना जेवढं सोपं वाटतं तेवढं सोसायला सोपं नसतं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की शेवटच्या वर्षातलाच येतो. डिमेन्शिया झालेल्या आईवडिलांना सांभाळलेल्या मुलामुलींकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्याच भेटीत विचारते. त्या शेवटच्या दिवसांनी माणसाची आधीची सत्तर वर्षं झाकून टाकलेली असतात. आणि “मला होईल” या भीतीचं चित्र त्याच दिवसांतून उचललेलं असतं: तीच खोली, तीच शून्य नजर, फक्त खाटेवर आईच्या जागी आपण. चित्राला अपराधाचीही फोडणी असते. आपण एकदा तिच्यावर ओरडलो होतो, एकदा हात धरून ओढलं होतं, एकदा मनात आलं होतं की आता हे संपू दे. हे कुणाजवळच बोललेलं नसतं.

थेरपीतलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं. आम्ही त्या ओरडण्याच्या दिवसाकडे परत जातो. त्या दिवशी तुम्ही किती तास झोपला होता, किती महिने एकट्या होता, हे त्या प्रसंगाशेजारी ठेवतो. मग आईची बाकीची वर्षं एकेक करून परत आणतो. फोटो, पत्रं, तिचं हस्ताक्षर, तिची एखादी लकब. हे गोड आठवणींचं पांघरूण घालणं नाही. शेवटचं वर्ष तिथेच राहतं, फक्त ते अख्खी आई होऊन बसत नाही. दुःखाला वाट मिळाली की पुढच्या काळाची भीतीही आकारात येते. ती जात नाही. ‘असेल किंवा नसेल’ या अवस्थेत राहायला शिकणं हा त्यापुढचा टप्पा. स्वीकार आणि बांधिलकीवर आधारलेली एसीटी पद्धत तिथे कामी येते. भीती शेजारी बसलेली असतानाही मला आज काय करायचंय, कुणासाठी, हे ती विचारायला लावते.

जनुकाची किंवा रक्ताची तपासणी करून टाकावी का, हेही तुम्ही विचारलंय. घाईने करू नका. अमेरिकेतल्या रिव्हील या अभ्यासात अल्झायमर झालेल्यांच्या १६२ मुलामुलींची एपीओई चाचणी केली, काहींना निकाल सांगितला, काहींना सांगितला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, समुपदेशनासह निकाल कळलेल्यांमध्ये वर्षभरात चिंता किंवा नैराश्य लक्षणीय वाढलं नाही. मात्र जे आधीच खूप अस्वस्थ होते ते निकालानंतरही अस्वस्थच राहण्याची शक्यता अधिक होती. तुम्ही सध्या अशा आधीच अस्वस्थ असलेल्यांत मोडता. आधी झोप आणि मन थोडं स्थिर होऊ दे. मग निकाल ‘हो’ आला तर मी उद्यापासून काय वेगळं करेन आणि ‘नाही’ आला तर काय, हे कागदावर लिहा. दोन्ही बाजूंना तेच लिहिलं गेलं तर तपासणीने हाती फारसं काही लागणार नाही.

दादांची थेरपी वेगळ्या घडणीची असायला हवी. एमसीआय असलेल्या माणसाला तासभर बसवून गुंतागुंतीचं बोललं तर ते घरी पोचेपर्यंत विरून जातं. मी सेशन चाळीस मिनिटांचं ठेवते, एका भेटीत एकच गोष्ट, ती एका कार्डावर त्यांच्याच अक्षरात लिहून खिशात, आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्या कार्डापासून. घरचं एक माणूस शेवटची दहा मिनिटं आत येतं, तेही त्यांनी हो म्हटलं तरच. नैराश्य आणि बौद्धिक घट दोन्ही असलेल्या ज्येष्ठांसाठी अमेरिकेत दिमित्रिस किओसिस यांनी ‘पाथ’ नावाची थेरपी घडवली. ती घरी येऊन १२ आठवडे दिली जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७४ जणांवरच्या चाचणीत तिने नुसत्या आधार देणाऱ्या संवादापेक्षा नैराश्य आणि परावलंबन जास्त कमी केलं. त्यातली कल्पना मला फार आवडते: माणसाने विसरू नये असा हट्ट न धरता घरच बदलायचं. दारावर चिठ्ठी, ठरलेली जागा, गजर, आणि चिडचिड व्हायला लागली की काय करायचं याची पायरी डोळ्यांसमोर.

सवय आत्ता लावायची ती यासाठी. कालचा प्रसंग आठवण्याची शक्ती आधी दुबळी होते. हाताला, पायाला, दिवसाच्या क्रमाला लागलेलं वळण बहुधा बरंच जास्त टिकतं. रोज सहा वाजता चालायला जाणं किंवा घाबरल्यावर बसून लांब श्वास सोडणं हे आज शंभर वेळा केलेलं असेल तर उद्या ते आठवावं लागत नाही, होतं.

दादा गप्प झालेत, कशात मन लावत नाहीत, असं तुम्ही म्हणता. हे नैराश्य आहे की निरिच्छता, ते तज्ज्ञाने बघायला हवं. नैराश्यात आत दुखत असतं, अपराधी वाटत असतं. निरिच्छतेत दुखत नाही, आतून ढकलणारी चावीच सैल झालेली असते. आणि तो मेंदूतल्या बदलाचा भाग असू शकतो. पहिल्याला बोलणं लागतं. दुसऱ्याला बाहेरून हलकी चालना लागते. “चालायला जायचंय का?” असं विचारलं तर उत्तर “नको” येईल. चपला घालून दारात उभं राहून “चला” म्हटलं तर बहुतेक वेळा ते येतील. घरच्यांनी एक मात्र कटाक्षाने थांबवावं. “हे कोण, ओळखा पाहू?” “आज वार कोणता?” अशी परीक्षा घेऊ नका. त्याने स्मृती सुधारत नाही, माणूस शरमतो आणि शरमेने आणखी गप्प होतो. त्यांच्या हातातली कामंही काढून घेऊ नका; चूक झाली तर चालेल अशी कामं त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि त्यांच्याशी पुढच्या दिवसांबद्दल बोला. पैशाचे व्यवहार, मृत्युपत्र, पुढे कुणी निर्णय घ्यावेत, कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. घरचे म्हणतात, “आत्ताच कशाला, खचतील.” माझा अनुभव असा की त्या विषयाभोवतीच्या शांततेने माणूस जास्त खचतो. सगळे आपल्याला चुकवून कुजबुजतात हे त्यांना कळत असतं. तज्ज्ञाच्या समोर, त्यांच्या गतीने, दोन-तीन भेटींत वाटून हे बोलणं झालं की पुष्कळ जण सुटकेचा श्वास टाकतात.

बाकीचं भरभर सांगते. थेरपी सुरू होण्याआधी बी-१२, थायरॉइड, कान, डोळे, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे तपासलेलं असावं. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या काही गोळ्या, जुन्या पठडीतली काही नैराश्याची आणि ॲलर्जीची औषधं स्मृती धूसर करतात. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. निद्रानाशासाठी सीबीटीचाच एक खास प्रकार आहे, तो गोळीच्या आधी करून बघावा असा आहे. ध्यानाने मन निवतं, जरूर करा. पण फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्या १३७ जणांवर झालेल्या अभ्यासात १८ महिन्यांच्या ध्यानाने मेंदूच्या तपासलेल्या भागांचा आकार वाढलेला दिसला नव्हता, तेव्हा मेंदू वाढवून देतो म्हणणाऱ्या शिबिरांपासून लांब राहा. कोड्यांच्या ॲपने त्या कोड्यात हात बसतो, एवढं नक्की. माणसांत मिसळणं मला त्याहून जास्त मोलाचं वाटतं.

थेरपिस्ट निवडताना विचारा की उतारवयातल्या लोकांसोबत किती काम केलंय आणि दादांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी ते बोलतील का. तुमच्यासाठी १० ते १६ भेटी साधारण पुरतात. दादांना कमी भेटींत उरकून टाकू नका. नंतर महिन्या-दीड महिन्याने एक भेट चालू राहावी. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचे हिशेब अचानक न जमणं, स्वभावात ठळक बदल असं तुमच्या दोघांपैकी कुणातही दिसलं तर थेरपिस्टची पुढची तारीख येण्याची वाट न बघता आधी डॉक्टरांना गाठा. आणि जगण्यात अर्थ नाही, ओझं होण्याआधी संपवलेलं बरं, असं कुणी म्हणालं तर ते त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे. निदानानंतरचे पहिले काही महिने, विशेषतः ६५च्या आतल्या लोकांसाठी, या बाबतीत नाजूक असतात. असा प्रश्न थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, विचारा.

दोघांचे थेरपिस्ट वेगळे असू द्या. तुमच्या भीतीत दादा हे तुमचं भविष्य बनून बसलेत, आणि त्यांना ते जाणवत असणार. पहिल्या भेटीला तुम्ही दादांसोबत जाल तेव्हा थेरपिस्ट त्यांच्याऐवजी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारू लागले, तर खुर्ची थोडी मागे घ्या आणि दादांकडे बघा. त्यांना शब्द शोधायला वेळ लागेल. तो लागू द्या, मधला शब्द पुरवू नका.